बिनधुराची आग

'व्यसन' हा शब्द कानी पडताच सुशिक्षित मध्यमवर्गीय मनासमोर दोन चित्रे ठरलेली असतात. एक मद्यपीचे, दुसरे सिगारेट ओढणाऱ्या तरुणाचे. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येणारा इशारा, कार्यालयातील 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी, महाविद्यालयातील निबंधस्पर्धांचे विषय, या सर्वांच्या मुळाशी बहुधा धूरच असतो. पहाटे चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी पडेपर्यंत भाजणारी, तिची पूड करून डबीत भरणारी आणि दिवसातून चार-पाच वेळा ती दातांना लावणारी स्त्री या चित्रांत कोठेच नसते. तिला कोणी व्यसनी म्हणत नाही, ती स्वतःही स्वतःला तसे मानत नाही. 'मशेरी लावते' एवढेच म्हटले जाते, आणि ते 'दात घासते' या चालीवर म्हटले जाते. महाराष्ट्रातील तंबाखूच्या प्रश्नाचे खरे मर्म या साध्या क्रियापदात दडलेले आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २००९-१० मध्ये आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये करण्यात आली. दुसऱ्या पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. सिगारेट ओढणारे त्यांत किती? अवघे ४ टक्के. विडी ओढणारे ७.७ टक्के. उलट तंबाखू चघळणारे, मळून ओठाखाली धरणारे किंवा दाताला लावणारे २१.४ टक्के, म्हणजे जवळजवळ वीस कोटी माणसे. पुरुषांत हे प्रमाण २९.६ टक्के, तर स्त्रियांत १२.८ टक्के होते. ग्रामीण भागात २४.६ टक्के आणि शहरी भागात १५.२ टक्के.

महाराष्ट्रात ही विषमता अधिकच ठळक आहे. येथे विडी व सिगारेट मिळून धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के! म्हणजे एका धूम्रपान करणाऱ्यामागे तंबाखूचा बार भरणारे, गुटखा खाणारे वा मशेरी लावणारे सहा जण. ज्या एकासाठी आपण पाट्या लावल्या, त्याच्या पाठीमागे उभे असलेले हे सहा जण आपल्या नजरेतून निसटले.

दोन पाहण्यांमधील सात वर्षांत काहीच घडले नाही असे नाही. देशात पंधरा ते चोवीस या वयोगटातील तंबाखूसेवन १८.४ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले, ही मोठी आशादायक गोष्ट आहे. महाराष्ट्रातील पुरुषांतील एकूण तंबाखूसेवन ४२.५ वरून ३५.५ टक्क्यांवर उतरले. परंतु स्त्रियांचे काय? देशातील स्त्रियांत हे प्रमाण २०.३ वरून १४.२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहा टक्क्यांनी खाली आले. महाराष्ट्रात मात्र ते १८.९ वरून १७ पर्यंतच पोहोचले. पूर्वी देशाच्या सरासरीहून बरी असलेली महाराष्ट्रातील स्त्री सात वर्षांत त्या सरासरीच्या मागे पडली. स्त्रीशिक्षणाची परंपरा अभिमानाने सांगणाऱ्या राज्याने या आकड्यापाशी थांबून विचार करावयास हवा.

घराच्या आतले व्यसन

पुरुषाचे व्यसन रस्त्यावर असते. पानटपरीवर, पारावर, कारखान्याच्या फाटकाशी ते दिसते. विदर्भात खर्रा घोटला जातो, सोलापूर-मराठवाड्याकडे मावा मळला जातो, सर्वत्र चुन्याची डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जे दिसते त्याला निदान हटकता येते. स्त्रीची मशेरी मात्र उंबऱ्याच्या आत असते. तिच्यासाठी दुकानात जाऊन संकोचाने पुडी मागावी लागत नाही. वाणसामानाबरोबर पानाची तंबाखू येते, ती घरीच भाजली जाते. सासूच्या डबीतून सुनेला मिळते. मुलीची दाढ ठणकू लागली की आईच चिमूटभर मशेरी लावते. ठणका थांबतो, कारण हिरडी बधिर होते. औषध म्हणून लावलेली ती चिमूट पुढे कधी तलफ झाली, हे मुलीलाही कळत नाही.

ही गोष्ट संशोधकांना ठाऊक नव्हती असे नाही. पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३९ टक्के स्त्रिया मशेरी लावत असल्याचे आढळले होते. पुरुषांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मुंबईतील पस्तीस वर्षांवरील सुमारे एक लाख नागरिकांची पाहणी झाली. तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, आणि त्यांतील जवळजवळ सर्वच धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या होत्या. खेड्यातून गिरणगावात आणि झोपडपट्टीत येताना मशेरीची डबी बोचक्यातून सोबत आली होती.

तिचे परिणाम घेणाऱ्या स्त्रीपुरते मर्यादित राहत नाहीत. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू घेत होत्या, बहुतेकींची मशेरीच होती. अन्य कारणांचा प्रभाव वजा केल्यानंतरही त्यांच्या नवजात बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस अलीकडे आली. आधीच रक्तक्षयाने ग्रासलेल्या आईच्या पोटी येणाऱ्या बाळाच्या दृष्टीने हे १०५ ग्रॅम क्षुल्लक नाहीत. ज्या समाजात गर्भवतीचे डोहाळे कौतुकाने पुरविले जातात, त्याच समाजात तिच्या हाती मशेरीची डबी राहते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही, हा विरोधाभास वेदनादायक आहे.

धूर नसल्यामुळे ही तंबाखू सौम्य असेल, हा समज सर्वांत घातक. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरते. तंबाखू खुडल्यानंतर वाळविताना व मुरविताना तीत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मशेरीसाठी ती भाजली की जळण्यातून निर्माण होणारी घातक द्रव्ये त्यात आणखी भर घालतात. गालात तासन्‌तास धरलेला बार हा सतत चालणारा विषप्रयोगच होय. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, तो काही दैवी कोप नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात ज्यांचा अर्धा जबडा शस्त्रक्रियेत गेला आहे अशी माणसे दिसतात. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते.

परंपरेची ढाल

यावर एक उत्तर हमखास दिले जाते. 'हे तर आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे.' ते तपासून पाहिले पाहिजे. तांबूल आपल्याकडे प्राचीन आहे यात शंका नाही. पूजेत विडा आहे, लग्नात विडा आहे, पराक्रमाचा पैजेचा विडाही आहे. परंतु त्या विड्यात तंबाखू नव्हती, कारण तंबाखू या भूमीत नव्हतीच. ती अमेरिका खंडातली वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेग नावाच्या सरदाराने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेल्याची नोंद आहे, तर १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. म्हणजे उत्तरेतील दरबाराला तंबाखू हे दख्खनमधून आलेले नवल होते! जी वस्तू चारशे वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्यांनी आणली, तिला परंपरेचे वस्त्र नेसवून देव्हाऱ्याच्या शेजारी बसविणे हा परंपरेचाच अवमान आहे.

येथे प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. तंबाखू वगळली म्हणजे विडा निर्दोष झाला, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीच्या अतिसेवनाने गालांचे अस्तर ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, घास घेणे कठीण होते. पूजेतील सुपारी पूजेत शोभते. दिवसभर गालात शोभत नाही. परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनीच हे सांगितले तर ते ऐकले जाण्याची शक्यता अधिक.

बंदीची मर्यादा

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे खाद्यपदार्थांत तंबाखू वा निकोटिन असू नये, असा केंद्रीय नियम २०११ मध्ये आला आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी लागू केली. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही नंतरच्या आदेशांत आले. व्यापाऱ्यांनी पळवाट शोधली. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, आणि मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर. शेजारच्या राज्यांतून येणारा चोरटा माल ही तर रोजची बातमी.

तरीही खरी अडचण पळवाटेची नाही. देशात गुटखा खाणारे दोन पाहण्यांच्या दरम्यान ८.२ वरून ६.८ टक्क्यांवर आले. बंदीचा काही उपयोग झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु चुना लावून मळलेली साधी तंबाखू खाणारे ११.६ वरून ११.२ टक्के, म्हणजे होते तिथेच राहिले. कारण कायदा पुडीपर्यंत पोहोचतो, चंचीपर्यंत पोहोचत नाही. स्वयंपाकघरातल्या तव्यावर काय भाजले जाते, हे पाहण्यासाठी अन्न निरीक्षक येऊ शकत नाही, आणि येऊही नये. तेथे दुसऱ्याच कोणाचे काम आहे.

ते काम वैद्यकीय व्यवसायानेही पुरेसे केलेले नाही. २०१६-१७ च्या पाहणीत दवाखान्यात गेलेल्या धूम्रपींपैकी ४८.८ टक्के लोकांना ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी तो केवळ ३१.७ टक्के लोकांना मिळाला. डॉक्टर 'सिगारेट ओढता का?' असे विचारतात, 'मशेरी लावता का?' असे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक अज्ञान ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतात, हे ९५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना ठाऊक होते, आणि ती घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मनात सोडण्याचा विचार होता. इच्छा आहे, पण विचारणारे माणूस नाही, अशी ही स्थिती आहे.

उपदेश नको, सोबत हवी

कष्टकरी स्त्री तंबाखूकडे का वळते, हे समजून घेतल्याविना तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. पहाटेपासून उसाच्या फडात वा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला दुपारची भाकरी वेळेवर मिळेलच असे नसते. तंबाखूने भूक मरते, शीण दबतो, दाढ बधिर होते. तिच्या हातची डबी काढून घेणाऱ्याने तिच्या भुकेचे, दाढेचे आणि विसाव्याचे काय, याचेही उत्तर दिले पाहिजे. गावात दंतवैद्याचे एक शिबिर भरले, तर कित्येक डब्यांची गरज मुळातच उरणार नाही.

हे अशक्य कोटीतले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी उपक्रम चालू झाला. गावाने स्वतः ठराव करावा, विक्री थांबवावी आणि सोडणाऱ्याला आधार द्यावा, ही त्यामागील दिशा आहे. शेजारचा गोवा पाहावा. खानपान, भाषा, सण यांत कोकणाशी इतके साम्य असूनही २०१६-१७ मध्ये तेथील तंबाखूसेवन ९.७ टक्के, म्हणजे देशातील राज्यांत सर्वांत कमी होते. तंबाखू आपल्या रक्तात आहे, हे म्हणणे किती पोकळ आहे, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने, बचत गट चालविणाऱ्या भगिनीने, आरोग्यसेविकेने आणि आशा कार्यकर्तीने इतर प्रश्नांबरोबर हा एक प्रश्न सहजपणे विचारावयास आरंभ करावा. हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रियांत, गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत, शाळेच्या पालकसभेत मशेरीचा विषय निघावा, आणि तो टोमण्याच्या सुरात नव्हे, आपुलकीने निघावा. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहून ठेवण्यास खर्च येत नाही. मध्यमवर्गीय घरांनीही आपल्या दारी येणाऱ्या धुणेभांडी करणाऱ्या ताईंपासून आणि खिडकीशी उभे राहून तंबाखू मळणाऱ्या आजोबांपासून सुरुवात करावी. आजोबांची सवय मजेची आणि ताईंची सवय गलिच्छ, हा भेद मात्र आधी मनातून काढून टाकावा लागेल.

तरुण पिढी या विळख्यातून बाहेर पडू लागली आहे, हे आकडेच सांगतात. तिच्या मागे राहिलेल्या आईला आणि आजीला हात देणे हे आता समाजाचे कर्तव्य आहे. धुराचा लोट दिसला की माणसे धावतात. ही आग बिनधुराची आहे. ती विझवायची तर घराच्या आत जाऊन, शेजारी बसूनच विझवावी लागेल.