उत्पादनवाढीचा मोह

एखाद्या बॅटरी कंपनीने उत्पादनवाढ जाहीर करताच छोट्या भागधारकांच्या आशा पालवतात. अमेरिकेतील ‘ए१२३ सिस्टिम्स’चा इतिहास त्यांनी अवश्य आठवावा. २००९ च्या सप्टेंबरात १३.५० डॉलरला विकलेला तिचा शेअर पहिल्याच दिवशी २० डॉलरांवर गेला. सरकारी अनुदान मिळाले, नवे कारखाने उभे राहिले. परंतु मिशिगनमधील कारखान्यातून सदोष विद्युतघट बाहेर पडले, ते बदलून देण्याचा भार कंपनीवर आला आणि २०१२ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एक घट निर्दोष बनविणे निराळे, लाखो घट तसेच बनविणे निराळे! म्हणून माल किती निघणार, एवढेच पुसून भागणार नाही. त्यातला निर्दोष किती व त्याला गिऱ्हाईक कोण, हे पुसल्यावाचून भागधारकाने कष्टाचा पैसा गुंतवू नये.