भिंगावरचा आकडा अर्धाच बोलतो

विद्यार्थीमित्रांनो, आषाढात खडकवासल्याच्या धरणाजवळ उभे राहून पाहा. दक्षिणेला सिंहगड आणि पश्चिमेला, पानशेतच्या अंगाने, चढत येणारे ढग. हे सारे आकाश एकाच छायाचित्रात मावेल का? मावेल. मत्स्यनेत्री म्हणजेच फिशआय भिंग त्याचसाठी आहे. रॉबिन हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ साली असे भिंग ढगांच्या छायाचित्रांसाठीच वापरात आणले.

अशा भिंगाबरोबर ‘१८० अंश’ हा आकडा मोठ्या दिमाखात मिरवतो. माझे म्हणणे असे, की हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे कॅमेऱ्याच्या पोटात, सेन्सरच्या आकारात दडलेले असते.

हिशेबच करू या. ८ मि.मी. नाभीय अंतराचे नेहमीचे मत्स्यनेत्री भिंग आकाशाचा सारा घुमट सुमारे २३ मि.मी. व्यासाच्या वर्तुळात उतरवते. ३६ × २४ मि.मी. सेन्सरवर हे वर्तुळ पूर्ण मावते. २४ × १६ मि.मी. सेन्सरवर मात्र लांब बाजूने १८० अंश मिळतात, आखूड बाजूने सुमारे ११८ अंशच उरतात. ‘लहान सेन्सरवर ८ चे १२ मि.मी. होतात’ असे म्हणतात, ते खरे नव्हे. भिंग तेच, प्रतिमाही तीच. खिडकी तेवढी लहान झाली.

आता ही आखूड बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर? पश्चिम क्षितिजापासून ३१ अंशांपर्यंतचे आकाश कापले जाईल. दोन किलोमीटर उंचीवरचा ढग सव्वातीन किलोमीटरवर येईपर्यंत चित्रात दिसणारच नाही! १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून ज्या धरणावर पाणी कोसळले आणि तेही फुटले, तेथे पश्चिमेचे ढग ही काही किरकोळ बाब नाही.

कोणी म्हणेल, काळी कड कमी झाली की चित्र देखणे दिसते. भिंतीवर लावायला ठीक आहे. पण ढगांनी आकाशाचे आठांपैकी किती भाग व्यापले हे मोजायचे, आणि आकाशच कापलेले, तर मोजणार काय?

म्हणून निरीक्षणाच्या वहीत तीन गोष्टी लिहीत जा: भिंगाचे नाभीय अंतर, सेन्सरची लांबी-रुंदी आणि आखूड बाजूची दिशा. पटत नसेल तर कागदावर २३ सें.मी. व्यासाचे वर्तुळ काढा, पुठ्ठ्यात २४ × १६ सें.मी.ची खिडकी कापून त्यावर ठेवा. काय झाकले गेले, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.