पागेतील निगा

महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बीचे 2400 मीटर अंतर कापून एखादा घोडा विजयी होतो, तेव्हा प्रेक्षक त्याचे श्रेय वंशावळीस आणि जॉकीच्या कौशल्यास देऊन मोकळे होतात. परंतु ज्याने त्या जनावराचे पाय महिनोन्महिने पहाटे स्वहस्ते चाचपले, त्या ट्रेनरची याद क्वचितच कोणास होते. गुडघ्याखालील ज्या कंडरेवर धावत्या घोड्याचा भार पडतो, तिच्यात किंचित उष्णता जाणवताच, लंगडेपणा दृग्गोचर होण्यापूर्वीच, दौड तहकूब करून थंड पाण्याची धार धरावयाची. आणि गव्हाणीत रात्रीची चंदी उरली असेल तर मोतद्दाराकडून तत्काळ कैफियत घ्यावयाची, कारण मंदावलेली भूक ही बहुधा दुखण्याची पहिली वर्दी असते. (भित्र्या घोडीच्या सोबतीस बकरे बांधणारे ट्रेनरही झाले आहेत, आणि त्यांस हसण्याचे कारण नाही.)

निगेने वेग निर्माण होत नाही, हे मान्य. तो रक्तातच असावा लागतो. तथापि उपजत वेग अकाली नासू न देणे हे सर्वस्वी ट्रेनरच्या हाती असते, आणि त्यातील कठीण भाग खरारा वा खुराक नसून नकार हा होय. दोन वर्षांच्या शिंगराची हाडे अद्याप अपक्व असताना बक्षिसाच्या लोभाने त्यास मैदानात उतरविण्याचा आग्रह मालक धरतात, आणि ट्रेनर रोजी जाण्याच्या भयाने मान तुकवितो. मालकांस एवढीच विनंती, की ट्रेनर नको म्हणेल त्या दिवशी घोड्याचे नाव बिनतक्रार मागे घ्यावे.