थांबलेल्या जेसीबीचं भाडं कोण देणार?

पाया खोदताना भलतंच काही निघालं तर काम थांबवावं, हे साइटवर सगळ्यांना कळतं. तरी बकेट चालूच राहते, कारण जेसीबी तासावर असतो आणि मजूर हजेरीवर. खोळंब्याचा भुर्दंड बसतो तो खड्ड्यात उतरलेल्यालाच. मी कोल्हापुरात बांधकामांवर देखरेख करतो. माझी मागणी साधी आहे: अशा थांबलेल्या वेळेचे पैसे मालकाने द्यावेत आणि तसं करारात लिहावं.

आपलं कोल्हापूर भरावाचं गाव. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थ बुजवून मंडई उभी राहिली. तिथे काही घातक आहे असं नाही, पण पायाखाली काय आहे हे वरून कळत नाही. शहराबाहेरच्या सखल प्लॉटांत भरावाला टाकलेली फौंड्रीची जळकी वाळू मी पाहिली आहे. नुसत्या बेंटोनाइटच्या वाळूचा धोका कमी, रेझिनच्या वाळूत मात्र फिनॉल राहू शकतं. दिसायला दोन्ही काळ्याच. ते प्रयोगशाळेतच ठरतं, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या मातीचा डंपर बाहेर जाता कामा नये.

जुना ड्रम, उग्र वास किंवा रंगीत पाणी दिसलं की मशीन बंद करावी, माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यावीत, विडी-काडी पेटू देऊ नये. हुंगून खात्री करायला तर कुणीच जाऊ नये. गटाराच्या जुन्या खड्ड्यातला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून मजूर खाली उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा वेळी 101 किंवा 112 ला फोन करावा.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायची आहे, आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर आहे. पण खड्ड्यात काय निघालं हे सांगणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर तो माती लोटून गप्प बसेल.

महापालिकेने बांधकाम परवानगीच्या अटींतच थांबलेल्या वेळेच्या पैशांचं हे कलम घालावं. बिल्डरांनी त्याची वाट न पाहता पुढच्या करारापासून सुरुवात करावी.