पट्टी कुठली?

कल्याणच्या माझ्या भाचीला तंबोरा घ्यायचा होता. इतकी वर्षं फोनमधल्या तंबोऱ्यावर रियाज चालला होता, शेवटी तिच्या बाईंनीच सांगितलं, आता खरा घे. मामा मिरजेचा म्हटल्यावर तिचा पहिला फोन मलाच. मीही ऐटीत सांगून टाकलं, "माझ्या वर्गमित्राचं दुकान आहे सतारमेकर गल्लीत. त्यांची वेबसाइटपण आहे. बघ आणि कुठला आवडला ते कळव."

रात्री पुन्हा फोन. "मामा, लोकलमध्ये उघडली. ठाकुर्लीला सुरू केली, डोंबिवली आली तरी पहिला फोटो उतरतोयच. आणि शेवटी उतरला तो रिबन कापणाऱ्या एका पाहुण्यांचा!"

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. आपल्याच दुकानाची वेबसाइट त्यानं कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. दोघांनी मिळून पाहिली. वर 'आपले सहर्ष स्वागत' सरकतंय. खाली 'लीडिंग मॅन्युफॅक्चरर अँड एक्स्पोर्टर' असा तीन परिच्छेदांचा मजकूर, ज्यात सतारीच्या जागी सबमर्सिबल पंप घातला असता तरी काही बिघडलं नसतं. तंबोऱ्याचे अकरा फोटो, सगळे एकाच कोनातून. दुकानाचा नंबर फोटोवरच छापलेला, म्हणजे बोट लावून फोन लागायचा नाही; कागदावर उतरून घ्या आणि मग फिरवा. चौकशीचा अर्ज होता, तो भरून आम्हीच पाठवून पाहिला. तो कुठल्या मेलवर जातो, हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मजा अशी की तेवढ्या वेळात दुकानात एक खरं गिऱ्हाईक आलं. शिराळ्याकडचे एक शिक्षक, मुलीला घेऊन. मित्रानं 'या, बसा' म्हणून पहिला प्रश्न विचारला तो मुलीला. "गाणार कोण, तूच? पट्टी कुठली?" मुलगी म्हणाली, काळी चार. लगेच त्यानं भिंतीवरचे थोराड भोपळ्यांचे मर्दानी तंबोरे बाजूला ठेवले आणि एक आटोपशीर जनानी तंबोरा काढला. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले आणि घोडीवर तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढं सारला. एवढा वेळ मुकी वाटणारी तार एकदम उमलली. मुलीनं बापाकडं पाहिलं. सौदा तिथंच झाला होता, पैशाचं बोलणं तेवढं राहिलं होतं.

मी म्हटलं, "हे तुझ्या वेबसाइटवर कुठं आहे?"

"काय?"

"पट्टी कुठली, हा प्रश्न. आणि हा आवाज."

तो हसला. "अरे, तंबोरा म्हणजे काय चपला आहेत का, नंबर सांगून घरबसल्या मागवायला?"

त्याचं चूक नव्हतं. पण भाचीला कल्याणहून मिरजेला येऊन, तंबोरा मांडीवर घेऊन परत जाणं रजेअभावी जमणार नव्हतं, आणि तिच्यासारख्यांचीच संख्या आता जास्त. पूर्वी तसं नव्हतं. तलवारी आणि हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून इथली तंतुवाद्यं एकोणिसाव्या शतकात घडू लागली, तेव्हा मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय होता. पुढं रेल्वे आली, मिरज जंक्शन झालं. गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर इथलेच होऊन गेले. 1937 साली वारले ते मद्रासकडच्या एका स्टेशनावर, पण त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आहे. त्यांच्या स्मृतीच्या उत्सवाला येणारे गवई जाता जाता गल्लीत वाद्यं दाखवून, घोडी घासून जवारी काढून घेऊन जात. गिऱ्हाईक पायानं चालत यायचं. आता ते अंगठ्यानं येतं आणि अंगठ्यानंच जातं.

30 मार्च 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात गुगलनं छोट्या दुकानदारांना फुकट दिलेल्या वेबसाइटी बंद करून टाकल्या, त्याची मात्र कुणी बातमी केली नाही. दुसऱ्याच्या जागेत टपरी टाकली की एक दिवस असा यायचाच. मित्राची वेबसाइट विकत घेतलेली होती, पण तिथंही गोम निघाली. पत्त्याचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते करून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या नावावर नोंदवलेलं, आणि त्याचा फोन बंद. दुकान तुमचं, सातबारा दुसऱ्याचा! तो आपल्या नावावर आणण्यात दीड महिना गेला. नव्यानं वेबसाइट करणाऱ्यानं रंग आणि फोटो ठरवण्याआधी एवढं एक बघून घ्यावं, बाकी सगळं नंतर सुधारता येतं.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मित्राचा मुलगा. मी फक्त शेजारी बसून चहा पीत सूचना करायचो. रिबन, स्वागत आणि तीन परिच्छेद गेले. कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले सहा-सात एमबीचे फोटो त्यानं दोन-तीनशे केबीवर आणले, एवढ्यानंच वेबसाइट उघडू लागली. नंबर फोटोवरून काढून मजकुरात लिहिला आणि त्याच्याखाली व्हॉट्सॲपचं बटण. सगळ्यात वर एकच प्रश्न: गाणार कोण, पट्टी कुठली?

आवाजानं मात्र घाम काढला. गल्लीत दिवसभर रंधा, कानस, रिक्षा. शेवटी पहाटेच्या अजानीनंतर आणि दूधवाल्याच्या आधी अर्धा तास मिळाला. काळी एकपासून काळी पाचपर्यंत एकेक तंबोरा, एकेक मिनिट. मुलगा म्हणाला, जरा घुमारा घालू, छान वाटेल. मित्रानं त्याच्याकडं असं पाहिलं की विषय संपला. "घरी पोचल्यावर वाजेल तेवढंच ऐकव."

भावावरून दोन दिवस वाद झाला. "आपण लिहिला की शेजारचा पाचशेनं कमी लिहिणार." पण भाव नसला की माणूस विचारत नाही, पुढं जातो, भाचीनं तेच केलं होतं. अखेर प्रत्येक प्रकाराला कुठून कुठपर्यंत पडतो ते लिहिलं, आणि वाढतो तो कशानं, तेही. मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा किती सुकलाय, तुणीचं लाकूड किती मुरलंय, नक्षी किती. घोडी कशाची, हाही एक ओळीचा खुलासा घातला. पूर्वीचं सांबरशिंग कायद्यानं बंद झालं, पण परदेशी गिऱ्हाइकाला कस्टमची धास्ती असतेच. आणि पेटीचा फोटो: तंबोरा आत कसा निजवतात, भोपळ्याभोवती काय भरतात. वाटेत तडा गेला तर काय, याचं उत्तर मित्रानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. लिहिताना तो बराच वेळ थांबला होता. आजवर असा शब्द त्यानं समोरच्या माणसाला तोंडी दिला होता, जगाला लिहून नव्हे.

भाचीचा तंबोरा गेला. दिवाळीच्या आत आणखी काही गेले. किती, ते मित्र सांगत नाही, आणि गल्लीत विचारायची पद्धत नाही.

पण त्याच्या धंद्याचं खरं गुपित वेबसाइटवर नाहीच. ते गल्ल्याखालच्या लांबोड्या वहीत आहे. प्रत्येक वाद्याचा क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, पट्टी, तारेचा गेज. जवारी घासून घासून बसते, पावसाळ्यात दमट हवेनं आवाज दबतो, खुंट्या फुगतात. विकलेला तंबोरा पुन्हा दुकानाकडं बघतोच, फक्त त्याच्या मालकाला आठवण करून द्यावी लागते. मुलानं वही फोनमध्ये उतरवली आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांना जूनमध्ये निरोप धाडले. जाहिरात एका अक्षराची नाही. "पाऊस लागला. वाद्य कपड्यात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका. आवाज कसा आहे?"

उत्तरं येत राहिली. कुणी तार मागवली, कुणी नुसताच नमस्कार घातला. एक हुबळीहून आलं. आजोबा गेले, तंबोरा आता नात घेते, तिचा सूर त्यावर बसत नाही, काय करावं? मित्रानं वही मागवली, 1994 चं पान काढलं. काळी एक, मर्दानी. ती ओळ त्यानं खोडली नाही; तिच्याखाली पेन्सिलीनं 'नात' लिहिलं आणि पुढं जागा मोकळी सोडली.

"पट्टी विचारू का?" मुलगा म्हणाला.

"विचारू नको. म्हणावं, जरा गाऊन पाठव."