बिल्ला कोणाचा?

सायकल स्टँडवर सायकल ठेवली की बिल्ला मिळतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. ब्राउझरमधील ‘कुकी’ हा असाच बिल्ला. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तो योजिला, तो संकेतस्थळाला तुमची खूण पटावी म्हणून. पण समजा, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला अशा प्रत्येक स्टँडवर एकाच जाहिरातवाल्याचा माणूस बसला आहे. तो तुमच्या खिशात स्वतःचा बिल्ला सरकवतो आणि पुढच्या ठिकाणी तोच वाचतो! ही त्रयस्थ, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ कुकी. आईच्या आजाराविषयी तुम्ही एका संकेतस्थळावर वाचता आणि दुसरीकडे औषधाची जाहिरात पुढे येते, ती बहुधा अशी.

यावर सगळ्याच कुकी बंद करणे मला पटत नाही. मग लॉगिनही टिकत नाही. फक्त त्रयस्थ कुकी अडवाव्यात. सफारी २०२० पासून त्या आपणहून अडविते. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवते. क्रोममध्ये मात्र सेटिंगमध्ये जाऊन ही निवड आपणच करावी लागते. शिक्षकांनी शाळेतल्या संगणकांवर ती आधी करावी. (घरचे मोबाईल आमचे पोट्टे सांभाळतील!) अर्थात एखाद्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करून तिच्याच पानांवर फिरलात, तर तिला तुम्ही दिसणारच, तिथे बिल्ला तुम्हीच दाखविलेला असतो.