शस्त्र की सावधानता?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ साली सुरू झालेल्या संगणकीय खेळात ‘रोग’ हा शत्रूला भिडून घाव घालणारा गडी. नवे शस्त्र लाभले की तो निष्णात होतो, हा समज फसवा आहे. साधारणतः ५ गुण साचण्यापूर्वीच निर्णायक घाव घालणे म्हणजे शक्ती दवडणे होय. समोर उभे राहिल्यास शत्रू वार अडवितो. पाठीमागून केलेला वार त्याला अडविता येत नाही. त्याचा मंत्र ‘किक’ने वेळीच तोडला नाही, तर सबंध पथक संकटात सापडते. शिवाय मेलेल्या गड्याचे घाव शून्यच! सहकाऱ्यांचे श्रम पणाला लागलेले असताना केवळ स्वतःच्या आकड्यांत रमणे हा पराक्रम नव्हे. लढाईच्या नोंदी तपासून स्वतःची चूक शोधणे, हाच खरा अभ्यास.